मारुतची कंबर आणि मिगचे नाक

काही वर्षांपूर्वी भिवंडीच्या आमच्या शाळेची सहल वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेली होती. आतली दालने पाहून मुले आवारात आली. तेथे जुन्या वाहनांच्या जोडीला एक लढाऊ विमान उभे होते. ते बंगलोरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड म्हणजे 'एचएएल'मध्ये तयार झालेले 'मारुत' होते. आठवीतला एक मुलगा विमानाच्या शेपटीमागे जाऊन खाली वाकून पाहू लागला. त्याच्या घरी यंत्रमाग होते. तो म्हणाला, "सर, हे धोट्यासारखं आहे. पण मधेच कुणीतरी दाबलंय."

निरीक्षण अचूक होते. धोट्याप्रमाणे मारुतचे धड दोन्ही टोकांना निमुळते होत जाते, पण पंख जेथे जोडले आहेत तेथे ते कमरेसारखे आत गेले आहे. मी घाईने उत्तर दिले, "हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून." त्यावर त्याने विचारले, "मग सगळ्याच विमानांना अशी कंबर का नसते?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. पुढे वाचन करताना लक्षात आले की, जेटयुगाच्या पहिल्या वीस वर्षांत विमानांना जे चमत्कारिक आकार मिळाले, त्यांतला प्रत्येक आकार एका विशिष्ट अडचणीचे उत्तर होता. प्रत्येक उत्तराची काही किंमतही होती, आणि ती कोणाला ना कोणाला मोजावी लागली. या आकारांपैकी बरेचसे भारतीय हवाई दलात वापरले गेले. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला दूर जाऊन शोधावी लागत नाही.

हवेला वर्दी मिळत नाही तेव्हा

आधी थोडे भौतिकशास्त्र. विमान हवेतून जाताना समोरच्या हवेवर दाब देते. हा दाब लाटांच्या रूपाने पुढे सरकतो आणि त्या लाटांचा वेग ध्वनीच्या वेगाइतका असतो. विमान सावकाश जात असेल तर या लाटा त्याच्या पुढे धावतात. विमान येत आहे याची जणू वर्दी पुढच्या हवेला मिळते आणि ती बाजूला सरकू लागते.

समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमानात ध्वनीचा वेग ताशी सुमारे १२२५ किलोमीटर असतो. उंचावरच्या थंड हवेत तो कमी होतो. अकरा किलोमीटर उंचीवर तो ताशी सुमारे १०६० किलोमीटर भरतो. विमानाचा वेग या मर्यादेजवळ आला की वर्दी देणाऱ्या लाटा विमानापासून फारशा पुढे जाऊच शकत नाहीत. त्या एकमेकींवर साचतात आणि त्यांतून आघात तरंग निर्माण होतो. या तरंगातून जाताना हवेचा दाब, घनता आणि तापमान एकदम वाढते. विमानावरची ओढ, म्हणजे त्याला मागे खेचणारे बल, झपाट्याने वाढते.

आणखी एक बारकावा आहे. पंखाच्या फुगीर पृष्ठावरून वाहणारी हवा विमानापेक्षा अधिक वेगाने धावते. म्हणून विमान ध्वनीच्या वेगाच्या ८० टक्क्यांवर असतानाच पंखावरच्या हवेचा वेग काही ठिकाणी ध्वनीच्या वेगाइतका होतो. संकट ध्वनीचा वेग गाठण्याआधीच सुरू होते. पंखा असलेल्या जुन्या इंजिनांच्या विमानांना हा प्रश्न क्वचितच पडत असे. जेट इंजिन आले आणि तो रोजचा झाला.

दोन शेपट्यांचे व्हॅम्पायर

पहिल्या जेट विमानांच्या संकल्पकांना मात्र आघात तरंगांची चिंता नव्हती. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता: हे नवे इंजिन ठेवायचे कोठे?

ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीच्या व्हॅम्पायर विमानाचे पहिले उड्डाण सप्टेंबर १९४३ मध्ये झाले. त्याचे गॉब्लिन इंजिन हवा मध्यापासून परिघाकडे फेकून दाबणारे, त्यामुळे जाडजूड होते. त्याची ताकदही बेताची होती. इंजिनापासून शेपटीपर्यंत लांब नळी बसवली असती तर त्या नळीतच रेट्याचा काही भाग वाया गेला असता. म्हणून संकल्पकांनी धड आखूड ठेवले, वैमानिक पुढे आणि इंजिन लगेच मागे बसवले आणि झोत तेथेच बाहेर सोडला. मग शेपटी कोठे लावायची? पंखांपासून मागे दोन दांडे काढून त्यांच्यावर आडवी शेपटी बसवली. लांबून पाहणाऱ्याला विमान लगोरीच्या फळकुटासारखे विचित्र दिसे, पण त्यामागे सरळ हिशेब होता.

या विमानाच्या धडाचा पुढचा भाग लाकडी होता. प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड घालून तो साच्यात दाबून बनवत. जेट इंजिन आणि लाकडी अंग यांची जोडी आज गमतीची वाटते. पण या कंपनीच्या सुतारांचा हात लाकडावर बसलेला होता आणि युद्धकाळात धातू मिळणे अवघड होते.

नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली व्हॅम्पायर विमाने भारतात आली आणि आपले हवाई दल जेट विमाने वापरू लागले. पुढे ती बंगलोरलाही तयार झाली. पण व्हॅम्पायरचे पंख जवळजवळ सरळ होते आणि वेगाला मर्यादा होती. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब आघाडीवर पाठवलेल्या व्हॅम्पायरपैकी चार विमाने पडली. बावीस वर्षांपूर्वीच्या अडचणीला शोधलेले उत्तर तोपर्यंत शिळे झाले होते. त्यानंतर ही विमाने आघाडीवरून काढून घेण्यात आली.

गटिंगेनचे तिरपे पंख

वेगाच्या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर फार आधी, १९३५ साली, रोमच्या एका वैज्ञानिक परिषदेत मांडले गेले होते. आडोल्फ बूझमान या जर्मन शास्त्रज्ञाने सुचवले की पंख सरळ न ठेवता मागे कलते ठेवावेत. त्याची कल्पना नववीच्या विद्यार्थ्यालाही कळेल. पंखावर येणाऱ्या हवेच्या वेगाचे दोन घटक करा: एक पंखाच्या कडेला लंब आणि दुसरा कडेला समांतर. पंखावरच्या दाबावर मुख्यतः लंब घटकाचा परिणाम होतो. पंख ४५ अंशांनी मागे कलवला आणि विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर असला, तर लंब घटक ताशी ६३६ किलोमीटरच भरतो. पंखाला वाटते की आपण सावकाशच चाललो आहोत! त्या काळच्या लढाऊ विमानांचा वेग लक्षात घेता या सूचनेची फारशी कोणाला निकड भासली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन प्रयोगशाळांतील कागदपत्रे विजेत्या देशांच्या हाती पडली. परिणाम पाहा. अमेरिकेचे सेबर आणि सोव्हिएत रशियाचे मिग-१५ ही दोन्ही विमाने १९४७ साली प्रथम उडाली आणि दोघांचेही पंख ३५ अंशांनी मागे कललेले होते. देश एकमेकांचे वैरी होते, पण हवेचे नियम दोघांना सारखेच लागू होते.

बूझमान हे गटिंगेन येथील लुडविग प्रान्टल यांच्या परंपरेतले. पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराची कल्पना १९०४ साली मांडणारे ते हेच प्रान्टल. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९३० नंतरच्या दशकात एका मराठी तरुणाने गटिंगेनला डॉक्टरेट मिळवली. त्यांचे नाव विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८, महाराष्ट्रातील हसूर गावचा. भारतात परतल्यावर त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकीचे अध्यापन केले आणि नंतर एचएएलमध्ये विमानांच्या संकल्पनाचा पाया घातला. १९५१ साली उडालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान त्यांच्याच नेतृत्वाखाली घडले. घाटगे यांच्याकडे आपण लेखाच्या शेवटी पुन्हा येणार आहोत.

तिरप्या पंखांची किंमत काय? कमी वेगात ते सरळ पंखांइतकी उचल देत नाहीत. शिवाय त्यांच्यावरील हवेचा पातळ थर टोकांकडे सरकत जातो आणि उचल प्रथम टोकांपाशी ढासळू शकते. वेगात असताना झालेला फायदा उतरताना परत द्यावा लागतो.

वर्गखोलीएवढे नॅट

वेगाबरोबर विमानांचे वजन आणि खर्चही वाढत चालला होता. ब्रिटिश संकल्पक पेटर यांनी उलट्या दिशेने विचार केला. लढाऊ विमान लहान केले तर? १९५५ साली उडालेल्या त्यांच्या नॅट विमानाच्या पंखांचा विस्तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ६.७ मीटर, म्हणजे २२ फूट होता. आपली नेहमीची वर्गखोली साधारण एवढीच असते.

लहान विमानात प्रत्येक वस्तूने दोन कामे करावी लागतात. नॅटला हवेत वेग कमी करण्यासाठी वेगळ्या ब्रेकच्या झडपा नव्हत्या. उतरण्याची चाके अर्धवट खाली सोडली की ती आणि त्यांची झाकणेच ब्रेकचे काम करीत. ब्रिटिश हवाई दलाने नॅट लढाईसाठी घेतले नाही, त्याची दोन आसनी आवृत्ती प्रशिक्षणासाठी वापरली. भारताने मात्र ते मोठ्या संख्येने घेतले आणि बंगलोरला बनवले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत त्याने नाव कमावले. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर झालेल्या हल्ल्याच्या वेळी नॅट घेऊन एकट्याने झुंजलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

लहानपणाची किंमतही होती. इंधन कमी मावे, त्यामुळे पल्ला थोडा. आतल्या दाटीत यंत्रांची दुरुस्ती करणे तंत्रज्ञांच्या जिवावर येई. नॅटचे ऑर्फियस इंजिन या गोष्टीत पुढे पुन्हा भेटणार आहे.

कंबर कशासाठी?

आता मारुतच्या कमरेकडे वळू. पंख तिरपे केले तरी ध्वनीच्या वेगाजवळ ओढ अपेक्षेपेक्षा अधिक का राहते, हे कोडे १९५० च्या सुमारास अमेरिकेतील लँगली प्रयोगशाळेच्या वातविवरात रिचर्ड व्हिटकम्ब अभ्यासत होते. बूझमान तोपर्यंत अमेरिकेत गेले होते आणि त्याच प्रयोगशाळेत काम करीत होते. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचे प्रवाह आखडत किंवा फुगत नाहीत, ते जाडी न बदलणाऱ्या नळ्यांसारखे वागतात, असे त्यांनी एका व्याख्यानात समजावून सांगितले. नळी दाबून बारीक करता येत नसेल, तर तिला वाट द्यायला शेजारची नळी बाजूला सरकली पाहिजे.

व्हिटकम्ब यांना यातून उलगडा झाला. हवेच्या दृष्टीने पंख वेगळा आणि धड वेगळे असे काही नसते. विमानाचे नाकापासून शेपटीपर्यंत आडवे काप करत गेलो, तर प्रत्येक कापाचे एकूण क्षेत्रफळ किती आणि ते किती सावकाश बदलते, यावर ओढ ठरते. पंख सुरू होतात तेथे क्षेत्रफळ एकदम वाढते. म्हणून तेवढेच क्षेत्रफळ धडातून काढून घ्यायचे. जर्मनीत ओटो फ्रेंझल यांनी युद्धकाळातच अशा कल्पनेचे पेटंट घेतले होते, पण ते विस्मरणात गेले होते.

एक सोपे उदाहरण घेऊ. प्रतिकृतीचे धड ४ सेंटिमीटर व्यासाचे आहे. त्याच्या कापाचे क्षेत्रफळ सुमारे १२.६ चौरस सेंटिमीटर होते. दोन्ही बाजूंना ५ सेंटिमीटर लांब आणि ०.४ सेंटिमीटर जाड पंख लावले तर आणखी ४ चौरस सेंटिमीटर वाढतात. एकूण १२.६ च ठेवायचे असेल तर धडाला ८.६ चौरस सेंटिमीटर उरतात, म्हणजे व्यास ३.३ सेंटिमीटर. धडाला कंबर आली.

या नियमाची परीक्षा लगेच झाली. अमेरिकेच्या कन्व्हेअर कंपनीचे एफ-१०२ विमान १९५३ साली उडाले. ते ध्वनीचा वेग ओलांडील अशी खात्री होती, पण ते ओलांडीना. मग धड लांबवले, मध्ये कंबर काढली, शेपटीजवळ दोन फुगवटे लावले. डिसेंबर १९५४ मध्ये सुधारलेले विमान ध्वनीच्या वेगापलीकडे गेले.

मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. सर्वच विमानांना कंबर नसते, कारण सावकाश जाणाऱ्या विमानाला ती निरुपयोगी आहे. ती ध्वनीच्या वेगाच्या आसपासची अडचण सोडवते. शिवाय कंबर बारीक केली की नेमकी इंधनाची आणि यंत्रांची जागा कमी होते. पुढे अधिक जोरकस इंजिने मिळाल्यावर अनेक संकल्पकांनी दिसण्याजोगी कंबर टाळली आणि क्षेत्रफळाचा हिशेब इतर ठिकाणी भागवला.

योग्य आकार, अपुरे इंजिन

१९५६ साली कुर्ट टँक बंगलोरला आले. दुसऱ्या महायुद्धातले जर्मनीचे नामांकित फोक-वुल्फ १९० हे विमान त्यांचे. त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंत्यांनी ध्वनीच्या वेगापलीकडे जाऊ शकेल असे लढाऊ विमान आखायला घेतले. अशा कामाची पूर्वतयारी देशात फारच थोडी होती. म्हणून आधी पूर्ण आकाराचे लाकडी, बिनइंजिनाचे ग्लायडर बांधले गेले. १९५९ पासून ते डाकोटा विमानाच्या मागे दोर बांधून वर नेत, सोडून देत आणि आकार हवेत कसा वागतो ते तपासत. महागड्या सामग्रीवाचून माहिती मिळवण्याची ही युक्ती शाळेतल्या प्रयोगाच्या जातीची होती.

१७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी मारुतचे पहिले उड्डाण केले. आकार उत्तम साधला होता. इंजिनाचे मात्र बिनसले. मारुतसाठी अधिक जोरकस ऑर्फियस इंजिन योजले होते, ज्यात झोतामध्ये पुन्हा इंधन जाळून रेटा वाढवण्याची सोय होती. ब्रिटनला त्या इंजिनाची गरज उरली नाही. पुढील विकासाचा खर्च भारताने द्यावा असे इंजिन कंपनीने सुचवले आणि आपल्या सरकारने तो दिला नाही. त्यामुळे नॅटच्या कुळातली साधी ऑर्फियस इंजिनेच, प्रत्येकी सुमारे २२०० किलोग्रॅम रेट्याची, जोडीने बसवावी लागली. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे स्वप्न पाहणारे विमान सपाट उड्डाणात ध्वनीच्या वेगाला जेमतेम भिडले.

सुधारणेचे प्रयत्न झाले. भारतातच या इंजिनाला जादा रेट्याची सोय जोडण्यात आली. पण त्यासाठी विमानाचा मागचा भाग फुगवावा लागला आणि मोठ्या कष्टाने कमी केलेली ओढ पुन्हा वाढली. १० जानेवारी १९७० रोजी अशाच एका सुधारित मारुतच्या चाचणीत अपघात होऊन सुरंजन दास यांचा मृत्यू झाला.

मारुतला अपयशी म्हणण्याची घाई करू नये. सुमारे दीडशे विमाने तयार झाली. १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर ती जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ले करण्यासाठी वापरली गेली. एक इंजिन निकामी झाल्यावर दुसऱ्यावर परत आल्याचे प्रसंग घडले. नाइलाजाने बसवलेली जोडी कामी आली! पण धडा स्पष्ट आहे. आकार कितीही शास्त्रशुद्ध असला तरी त्याला साजेसे इंजिन मिळाले नाही तर शास्त्राचा तो भाग नुसता शोभेचा राहतो.

ओझरला घडलेले नाक

भिवंडीजवळून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता नाशिक ओलांडून पुढे ओझरला पोचतो. एचएएलचा मिग-२१ विमानांचा कारखाना येथे उभा राहिला. इंजिने ओरिसातील कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला आणि विमानाचे अंग ओझरला, अशी वाटणी होती. भारतात साडेसहाशेहून अधिक मिग-२१ तयार झाली.

मिग-२१ ला कंबर नाही. ते पंख असलेल्या सरळ नळीसारखे दिसते आणि नळीच्या उघड्या तोंडातून एक शंकू बाहेर डोकावतो. हा शंकू म्हणजे या विमानाच्या संकल्पनातली सर्वांत सुंदर गोष्ट. जेट इंजिनाच्या संपीडकाला ध्वनीपेक्षा बऱ्याच कमी वेगाची हवा लागते. विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जात असेल तर आत शिरण्यापूर्वी हवेला मंद केले पाहिजे. तोंड नुसते उघडे ठेवले तर त्याच्यापुढे आघात तरंग भिंतीसारखा सरळ उभा राहतो आणि त्यातून जाताना हवेच्या एकूण दाबापैकी सुमारे २८ टक्के दाब वाया जातो. शंकूच्या टोकापासून मात्र तिरपा आघात तरंग निघतो. हवा प्रथम त्यातून थोडी मंद होते आणि मग उरलेला सरळ तरंग सौम्य असतो. एका मोठ्या उडीऐवजी दोन पायऱ्या. वाया जाणारा दाब बराच कमी होतो. विमानाचा वेग बदलला की तरंगाचा कोन बदलतो, म्हणून शंकू मागेपुढे सरकवता येतो. शंकूच्या पोटात रडार बसवले होते. त्याची किंमत अशी की, शंकूत मावेल एवढेच रडार बसवता येई.

पंख त्रिकोणी, छोटे आणि अतिशय पातळ. मिकोयान यांच्या कार्यालयाने एकाच धडावर तिरपे पंख आणि त्रिकोणी पंख असे दोन्ही लावून पाहिले आणि मग त्रिकोणी निवडले. पातळ पंख वेगात ओढ कमी ठेवतात. पण उचल ही पंखाच्या क्षेत्रफळावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. छोट्या पंखाला कमी वेगात विमान तोलता येत नाही. म्हणून मिग-२१ धावपट्टीला टेकताना ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगात असे आणि नाक उंच असल्याने समोरचे नीट दिसत नसे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, म्हणूनच विमान थांबवायला शेपटीतून हवाई छत्री सोडावी लागे.

गाळलेली पायरी

हा वेग शिकाऊ वैमानिकाला कसा झेपावा? येथे घाटगे पुन्हा येतात. त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेले किरण हे जेट प्रशिक्षण विमान ४ सप्टेंबर १९६४ रोजी उडाले. त्याचा आकार वेगासाठी नव्हता. पंख सरळ होते, म्हणजे ते सावकाश उतरू शके. शिक्षक आणि विद्यार्थी पुढेमागे न बसता शेजारी शेजारी बसत. त्यामुळे नाक रुंद होऊन ओढ वाढते. पण शिक्षकाला विद्यार्थ्याचे हात आणि चेहरा दिसतो. शिकवण्यासाठी घेतलेला हा तोटा होता. १९६५ साली घाटगे यांना पद्मश्री मिळाली. पुढच्या किरण मार्क-२ मध्ये तेच ऑर्फियस इंजिन बसले. १९९६ पासून सूर्यकिरण पथकाच्या कवायतीही याच विमानावर होत असत.

किरणपासून मिग-२१ पर्यंतचे अंतर मोठे होते. मध्ये जुनी हंटर विमाने किंवा मिगचीच दोन आसनी आवृत्ती यांच्यावर भागवले जाई. या पायरीसाठी प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे, अशी शिफारस १९८२ साली ला फाँटेन समितीने केली. असे विमान, ब्रिटिश बनावटीचे हॉक, हवाई दलात दाखल झाले फेब्रुवारी २००८ मध्ये. दरम्यान सव्वीस वर्षे गेली.

या काळातली एक संख्या संसदेच्या नोंदीत आहे. संरक्षणमंत्र्यांनी २०१२ साली राज्यसभेत सांगितले की, त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत मिग जातीच्या ४८२ विमानांना अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मरण पावले. हे सारे अपघात शिकाऊ वैमानिकांचे नव्हते आणि त्यांचे कारण एकच नव्हते. इंजिनातले बिघाड होते, पक्षी आदळले होते, माणसांच्या चुकाही होत्या. पण चुकीला क्षमा न करणारे विमान आणि गाळलेली पायरी हे दोन्ही एकत्र आले, ही गोष्ट नाकारता येत नाही. पाचवीच्या मुलाला एकदम दहावीत बसवले आणि तो नापास झाला, तर आपण पुस्तकाला दोष देऊ की मुलाला? मिगच्या शंकूने हवेला दोन पायऱ्यांनी मंद केले. वैमानिकाला मात्र आपण एका उडीत वेगवान करू पाहिले.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ ला निरोप देण्यात आला. बासष्ट वर्षांपूर्वी त्याची पहिली तुकडी तेथेच उभी राहिली होती. त्यानंतर महिन्याभरातच, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या कारखान्यात जुळवलेल्या तेजस मार्क-१ए ने पहिले उड्डाण केले. तेजसचे पंखही त्रिकोणी आहेत. पण वैमानिकाच्या हाताची हालचाल संगणक तपासतो आणि तोल सांभाळतो. जुन्या अडचणीचे ओझे काही अंशी संगणकाने उचलले आहे.

वर्गात करून पाहा

व्हिटकम्ब यांचा नियम वातविवराशिवायही दाखवता येतो. पाण्यात न विरघळणाऱ्या रंगीत मातीचे दोन सारखे धोटे करा. एकाला तसेच पंख लावा. दुसऱ्याला पंखांच्या जागी कंबर काढून तसेच पंख लावा. बाजूला तोटी असलेले एक उंच भांडे तोटीपर्यंत पाण्याने भरा. प्रतिकृतीवर एकेक सेंटिमीटरवर खुणा करा. नाक खाली धरून ती एकेक खूण बुडवत जा आणि दर वेळी सांडलेले पाणी मोजपात्रात मोजा. एका सेंटिमीटरला जितके घनसेंटिमीटर पाणी सांडले, तितके त्या भागाचे सरासरी क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये झाले. आर्किमिडीजचे तत्त्व येथे विमानाच्या कामी येते. दोन्ही प्रतिकृतींचे आलेख एकाच कागदावर काढा. पहिल्यात पंखांपाशी उंचवटा दिसेल, दुसऱ्यात तो जवळजवळ सपाट झालेला असेल.

आलेख झाल्यावर मुलांना आणखी एक प्रश्न विचारावा: कमरेतून काढलेल्या मातीच्या जागी आधी काय ठेवता आले असते? उत्तर आहे इंधन. म्हणजे सपाट आलेखासाठी आपण पल्ल्याचा काही भाग दिला. कोणताही वेगळा आकार दिसला की त्याने कोणती अडचण सोडवली आणि त्यासाठी काय सोडले, हे दोन्ही विचारण्याची सवय लागली पाहिजे. त्या सहलीत मी यांपैकी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर दिले होते. दुसरा त्या मुलाने विचारला, आणि खरा धडा तेथून सुरू झाला.